अबोल मुलाशेजारी

रुग्णालयाच्या बालविभागात जे मूल रडत नाही, हात झिडकारत नाही, सुई टोचताना केवळ मान वळवते आणि उरलेला वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहते, त्याला बहुधा 'शहाणे' म्हटले जाते. कामाच्या रेट्यात सापडलेल्या परिचारिकेला अशा मुलाचा त्रास नसतो, शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या आईला त्याचे कौतुक वाटते, आणि नेमक्या याच कारणाने साऱ्या विभागात सर्वांत कमी लक्ष त्याच्याकडे जाते. वास्तविक रडणारे मूल कोणीतरी येईल या आशेने रडत असते. गप्प झालेल्या मुलाने ती आशा सोडून दिलेली असण्याचा संभव असतो. अशा मुलापर्यंत पोहोचण्याची जी वाट गेल्या शंभर वर्षांत हळूहळू उलगडत गेली, ती खेळातून जाते. ही वाट कोणती, ती चालण्यासाठी मोठ्या माणसांना काय शिकावे लागते, आणि जिथे वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत व बालमानसोपचाराचे तज्ज्ञ मोजके आहेत, अशा रत्नागिरी जिल्ह्यात हे शिकणे कसे रुजू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभी दोन संज्ञांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. 'खेळोपचार' ही मानसोपचाराची स्वतंत्र पद्धत असून, प्रौढ रुग्ण जे बोलून व्यक्त करतो ते मूल खेळून व्यक्त करते या गृहीतावर ती उभी आहे. ती वापरण्यासाठी रीतसर प्रशिक्षण लागते. 'उपचारक खेळ' ही संज्ञा त्याहून व्यापक आहे. आजारी मुलाची भीती कमी व्हावी, पुढे काय होणार हे त्याला कळावे आणि त्याचा माणसांवरचा विश्वास परत यावा, या हेतूने परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ, समाजकार्यकर्ते किंवा घरची माणसे जो खेळ जाणीवपूर्वक खेळतात, त्याला उपचारक खेळ म्हणतात. पहिली पद्धत तज्ज्ञाच्या हाती राहणे इष्ट असले, तरी दुसरी प्रत्येक बालविभागात पोहोचणे शक्य आहे.

शांतपणाचा चुकलेला अर्थ

रुग्णालयातील मुलाच्या शांतपणाचा अर्थ किती चुकीचा लावला जातो, हे जगापुढे प्रथम ठळकपणे मांडले ते जेम्स रॉबर्टसन या ब्रिटिश मानसोपचार-समाजकार्यकर्त्याने. १९५२ साली त्याने एक मूकपट तयार केला. लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेली, दोन वर्षे पाच महिन्यांची एक मुलगी हा त्याचा विषय होता. त्या काळी आईवडिलांना मुलाजवळ राहू देत नसत. ही मुलगी फारशी रडली नाही, तिने स्वतःला कमालीचे आवरून धरले. मात्र दिवसागणिक तिचा चेहरा मावळत गेला आणि भेटीला आलेल्या आईपासूनही ती दूर होऊ लागली. आईपासून तुटलेल्या मुलाच्या वर्तनात रॉबर्टसन आणि त्याचे सहकारी जॉन बोल्बी यांनी तीन टप्पे दाखवून दिले: प्रथम आक्रोश, मग हताशपणा आणि शेवटी अलिप्तता. रुग्णालयातील कर्मचारी ज्याला 'मूल रुळले' असे म्हणत, ती अवस्था पुष्कळदा तिसऱ्या टप्प्याची खूण होती. १९५९ साली ब्रिटनमधील प्लॅट समितीने आईवडिलांना मुलांच्या भेटीची मुक्त मुभा असावी आणि रुग्णालयात खेळाची सोय असावी अशी शिफारस केली, तिच्यामागे या कामाचे मोठे बळ होते.

आपल्याकडील सरकारी रुग्णालयांत मुलाच्या खाटेजवळ घरचे एक माणूस असणे ही रीतच आहे, आणि युरोपाला जे समित्या नेमून मिळवावे लागले ते येथे सहज उपलब्ध आहे, ही मोठी जमेची बाजू होय. परंतु कोकणात या चित्राला आणखी एक पदर आहे. २००१ साली सुमारे १६ लाख ९७ हजार असलेली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली, आणि त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. या आकड्यांमागे पिढ्यानपिढ्या मुंबईला जाणारा चाकरमानी आहे. बाप गणपतीत आणि शिमग्याला भेटणारा, आई घर, गुरे आणि धाकटे भावंड यांत अडकलेली, आणि आजारी मुलाजवळ बसलेली आजी, अशी स्थिती बालविभागात नवलाची नसते. आजीचा जीव मुलात अडकलेला असतो. पण रुग्णालयाची भाषा तिलाही परकी असते, आणि तिची भीती न बोलताच मुलापर्यंत पोहोचते.

मिटण्याची अनेक कारणे

मिटलेल्या मुलाला आपली भाषा अनेक नावे देते: घुमे, मुखदुर्बळ, एकलकोंडे, आतल्या गाठीचे. या नावांतून स्वभाव सांगितला जातो, कारण मात्र सांगितले जात नाही. म्हणून खेळायला बसण्यापूर्वी काही गोष्टी तपासून पाहाव्या लागतात. पहिली तपासणी कानांची, कारण ज्याला ऐकू येत नाही ते मूल उत्तर देणार नाही, आणि हट्टी किंवा मंद असा शिक्का त्याच्यावर विनाकारण बसेल. दुसरी शक्यता स्वमग्नतेची. या अवस्थेत इतरांशी नाते जोडण्याची आणि संवादाची घडणच निराळी असते. तिसरी निवडक मौनाची, म्हणजे घरी भरभरून बोलणारे मूल शाळेत किंवा परक्यांसमोर एक शब्दही उच्चारू शकत नाही अशी. हे मौन चिंतेतून येते, उद्धटपणातून नव्हे. यांखेरीज दीर्घ आजार, कुपोषण, खिन्नता, घरातील मृत्यू, मारहाण किंवा लैंगिक अत्याचार, यांपैकी काहीही मुलाला मिटवू शकते.

कधी कारण अगदी साधे असते: बोलीचे. संगमेश्वरी किंवा बाणकोटी बोलीत वाढलेले कुणबी वाडीवरचे मूल, किनाऱ्यावरच्या दालदी मासेमार कुटुंबातील मूल, किंवा आंबा-काजूच्या बागांत राखणीसाठी आलेल्या नेपाळी कुटुंबातील मूल, या सर्वांना रुग्णालयातील प्रमाण मराठी सारखीच जवळची वाटत नाही. ज्या मुलाला प्रश्नच नीट उमगला नाही, त्याची गप्प राहण्याची रीत शहाणपणाची म्हणावी लागेल.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात दोष, आजार, पोषणातील कमतरता आणि विकासातील विलंब या चार अंगांनी तपासणी अभिप्रेत आहे, आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची रचना आहे. अंगणवाडी आणि शाळेत जाणारी पथके या व्यवस्थेचे डोळे आहेत. धडपडणारे किंवा सतत आजारी पडणारे मूल या डोळ्यांना लवकर दिसते. कोपऱ्यात बसणारे मूल दिसण्यासाठी निराळी नजर तयार करावी लागते.

वाळूतले जग आणि दिवाळीतला किल्ला

मुलांच्या खेळाकडे उपचाराचे साधन म्हणून पाहण्याची सुरुवात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत झाली. मनोविश्लेषक मेलनी क्लाइन हिने मुलाचा खेळ हा प्रौढाच्या मुक्त बोलण्यासारखा मानला आणि त्यातील दडलेले अर्थ मुलाला उलगडून सांगितले. ॲना फ्रॉइड हिने अशा अर्थ सांगण्याबाबत अधिक सावध राहून आधी मुलाशी विश्वासाचे नाते जुळवण्यावर भर दिला. भारतात १९३६ साली मुंबईत स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले, आणि मुलाच्या वागण्यामागे मन, घर व परिस्थिती यांचा एकत्र विचार करण्याची वाट येथे खुली झाली.

मराठी वाचकाला यांत सर्वांत जवळची वाटावी अशी व्यक्ती म्हणजे मार्गारेट लोवेनफेल्ड. या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्त्रीने १९२८ साली लंडनमध्ये 'घाबरट आणि अवघड' मुलांसाठी एक चिकित्सालय उघडले. तिथे तिने वाळूने भरलेले उथळ तबक, पाणी, आणि माणसे, जनावरे, घरे, झाडे, कुंपणे, वाहने अशा छोट्या वस्तूंनी भरलेले कपाट ठेवले. मुले या वस्तू वाळूत मांडू लागली आणि या मांडणीला त्यांनी स्वतःच 'जग' असे नाव दिले; पुढे ही पद्धत त्याच नावाने ओळखली गेली. तबकाचा तळ निळा रंगवलेला असे, त्यामुळे वाळू बाजूला सारली की पाणी दिसे. ज्या मुलाला आपल्या मनातले सांगण्यासाठी शब्द नव्हते, ते मूल कुंपण कुठे घालायचे, वाघ कोणाच्या घरापाशी ठेवायचा, पूल बांधायचा की नाही, हे हातांनी ठरवू शकत होते.

दिवाळीत अंगणात माती, दगड आणि गोणपाट घेऊन किल्ला करणाऱ्या मराठी मुलांना ही पद्धत कोणी शिकवावी लागणार नाही. रत्नागिरीकडचे मूल तांबड्या मातीचा आणि जांभ्याच्या तुकड्यांचा किल्ला रचते, त्यावर अळीव पेरते, दरवाज्यावर पहारेकरी उभा करते, भुयार खणते, पायथ्याशी बाजार मांडते आणि मग अलगद मागे सरून आपण निर्माण केलेल्या राज्याकडे पाहत राहते. बाहेरच्या जगात ज्याला कोणी विचारत नाही, त्याला या राज्यात सर्व निर्णय स्वतः घेता येतात. सलाइनची नळी हाताला लावलेल्या, केव्हा उठायचे, केव्हा खायचे, कोणी अंगाला हात लावायचा यांपैकी काहीच आपल्या हाती नाही असे अनुभवणाऱ्या मुलासाठी या अधिकाराचे मोल किती असेल, याची कल्पना करता येते. खाटेवर ठेवता येईल अशा तबकात हाच किल्ला लहान आकारात करता येतो, त्याला वर्षातून एकदाच येणाऱ्या दिवाळीची वाट पाहावी लागत नाही.

थांबण्याची विद्या

साधने सहज मिळतात. अवघड आहे ते मोठ्या माणसाचे वागणे बदलणे. अबोल मुलासमोर आपल्याकडील प्रौढ व्यक्ती दोनच गोष्टी करते: प्रश्न विचारते, नाहीतर धाक घालते. 'नाव काय तुझे, कितवीत आहेस, बोलत का नाहीस, मुका आहेस का' अशी प्रश्नांची फैर एका बाजूला, आणि 'जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील' ही घराघरांतील धमकी दुसऱ्या बाजूला. ज्या डॉक्टरने बरे करायचे, त्यालाच बागुलबुवा करून ठेवल्यावर मुलाने त्याच्याशी बोलावे ही अपेक्षा अवाजवी ठरते.

या बाबतीत डोनाल्ड विनिकट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषकाचे १९४१ सालचे एक निरीक्षण मार्गदर्शक आहे. आईच्या मांडीवर बसलेल्या तान्ह्या बाळापुढे टेबलाच्या कडेला जीभ दाबण्याची चकचकीत धातूची पट्टी तो ठेवत असे आणि काय घडते ते पाहत असे. बाळ प्रथम पट्टीकडे झेपावे, मग हात आखडून आईकडे आणि डॉक्टरकडे पाही. त्यानंतर हळूहळू धीर करून ती उचली, तोंडात घाली, तिच्याशी खेळे. आणि शेवटी ती खाली टाकून देई. यांतील पहिल्या टप्प्याला विनिकटने संकोचाचा काळ म्हटले. या काळात मोठ्यांनी पट्टी बळेच हातात कोंबली तर पुढचा खेळ बिघडतो. मिटलेल्या मुलाच्या बाबतीत हा संकोचाचा काळ मिनिटांऐवजी दिवसांचा असू शकतो, आणि तो संपण्याची वाट पाहणे हेच बहुतेक वेळा उपचाराचे पहिले काम असते.

अमेरिकेतील व्हर्जिनिया ॲक्सलाइन हिने १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या खेळोपचारावरील ग्रंथात आठ तत्त्वे मांडली. मुलाशी जिव्हाळ्याचे नाते जोडावे, ते आहे तसे स्वीकारावे, त्याला मोकळेपणा वाटू द्यावा, त्याची भावना ओळखून ती त्याला परत ऐकवावी, आपले प्रश्न सोडवण्याच्या त्याच्या क्षमतेवर विश्वास ठेवावा, पुढे चालण्याचा मान त्याला द्यावा, घाई करू नये, आणि आवश्यक तेवढ्याच मर्यादा घालाव्यात, असा त्यांचा आशय आहे. वाचताना सोपी वाटणारी ही तत्त्वे आचरताना अवघड जातात, कारण सुधारणा करणे, शाबासकी देणे आणि योग्य उत्तर सुचवणे या सवयी प्रौढाच्या हाडीमासी खिळलेल्या असतात.

प्रत्यक्षात ही विद्या अशी शिकता येते. दररोज ठरावीक वेळी, वीसेक मिनिटांसाठी, त्याच व्यक्तीने यावे. त्या वेळात इंजेक्शन, औषध किंवा तपासणी यांपैकी काही करू नये, म्हणजे हे माणूस दुखवायला आलेले नाही ही खात्री मुलाला पटते. खाटेशी उभे न राहता मुलाच्या नजरेच्या उंचीवर, थोडे तिरके बसावे, कारण थेट रोखलेली नजर घाबरलेल्या मुलाला सोसत नाही. पहिल्या दिवशी मुलाला काही न देता स्वतःच्या हातातील वस्तूंशी शांतपणे खेळावे: करवंट्या एकात एक ठेवाव्यात, शिंपल्यांची ओळ लावावी, कागदाची होडी करावी. मुलाची नजर एखाद्या वस्तूवर रेंगाळली, तर ती त्याच्या हाताच्या टप्प्यात सरकवावी आणि विसरून गेल्यासारखे करावे. मुलाने शिंपला उलटा केला, तर आपणही आपला शिंपला उलटा करावा. या अनुकरणातून 'तू केलेले मला दिसले' एवढेच त्याला कळते, आणि तेवढे पुरेसे असते.

बोलायचे ते प्रश्नांऐवजी वर्णनाच्या रूपात बोलावे. 'हे काय आहे?' असे विचारण्याऐवजी 'होडी पार कडेला गेली' असे म्हटले, तर उत्तर देण्याचे ओझे मुलावर पडत नाही. त्याने बाहुलीला चादरीखाली लपवले, तर 'बाहुलीला कोणी बघू नये असे वाटते आहे' एवढेच म्हणावे. 'तुलाही तसेच वाटते ना?' हा पुढचा प्रश्न जिभेवर आला तरी गिळावा. खेळ संपण्यापूर्वी पाच मिनिटे आधी सूचना द्यावी, उद्या केव्हा येणार ते सांगावे, आणि सांगितलेल्या वेळी यावेच. कारण ज्या मुलाचा विश्वास एकदा तुटला आहे, ते शब्दांपेक्षा वेळ पाळण्यावरून माणूस ओळखते.

आधी बाहुलीला, मग मुलाला

उपचारक खेळाचे सर्वांत उपयोगी रूप म्हणजे वैद्यकीय खेळ. सुई काढलेली सिरिंज, कापूस, पट्टी, सलाइनच्या नळीचा तुकडा, स्टेथोस्कोप आणि एक कापडी बाहुली एवढे साहित्य पुरते. मूल बाहुलीला तपासते, टोचते, पट्टी बांधते, कधी तिला रागावते आणि कधी कुशीत घेते. ज्या कृतीत ते स्वतः केवळ सोसणारे होते, तीच कृती करणाऱ्याच्या भूमिकेतून पुन्हा अनुभवताना भीतीचा आकार लहान होत जातो. शस्त्रक्रियेपूर्वी हाच खेळ माहिती देण्याचे साधन बनतो: मुखवटा बाहुलीच्या तोंडाला लावून दाखवला, म्हणजे उद्या आपल्या तोंडाला काय लावतील हे मुलाला आधी कळते. मात्र या खेळात असत्याला जागा नाही. 'काही होणार नाही, मुंगी चावल्यासारखे वाटेल' असे सांगून जोरात टोचले, तर पुढच्या वेळी मूल कोणावरच विश्वास ठेवत नाही. 'दुखेल, पण दहा मोजेपर्यंत संपेल' हे सांगितलेले मुलाला सोसवते. साबणाचे फुगे फुंकायला देणे हा आणखी एक साधा उपाय, कारण लांब फुंकर घालताना श्वास आपोआप मंदावतो आणि लक्ष सुईवरून हलते.

कोकणाच्या संदर्भात या वैद्यकीय खेळाला विशेष अर्थ आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याची पद्धत विकसित केल्यानंतर, एरवी दगावली असती अशी अनेक मुले वाचू लागली. सर्पदंश आणि विंचूदंश यांतून वाचलेले मूल घरी परतते तेव्हा विषाचा अंमल उतरलेला असतो; अंधाऱ्या पडवीत पाय टाकण्याची भीती मात्र तशीच उरलेली असू शकते. शरीर वाचवण्यात मिळालेले यश पुरे व्हायचे, तर या उरलेल्या भीतीचीही व्यवस्था लावावी लागते. मधुमेहामुळे रोज सुई टोचून घेणारे, थॅलसेमियामुळे दर काही आठवड्यांनी रक्त घेणारे, किंवा कर्करोगाच्या उपचारांसाठी कोकण रेल्वेने परळच्या टाटा रुग्णालयाकडे पुन्हा पुन्हा जाणारे मूल यांना तर खेळ हा उपचारांच्या वर्षानुवर्षांच्या वाटेवरचा सोबती ठरतो.

खेळणी कोठून आणावीत

रुग्णालयातील खेळाला शिस्तशीर रूप देणाऱ्यांत एमा प्लँक हिचे नाव अग्रभागी आहे. मूळची व्हिएन्नाची ही मॉंटेसरी शिक्षिका अमेरिकेत क्लीव्हलँड येथे आजारी मुलांसाठी काम करू लागली आणि १९६२ साली तिने रुग्णालयातील मुलांबरोबर काम करण्याविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. मॉंटेसरीच्या याच झऱ्याचे पाणी मराठी मुलखात ताराबाई मोडक यांनी आणले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केल्यानंतर त्यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये बालशिक्षण उभे केले. पाड्यावरच्या अंगणात जाऊन भरणारी अंगणवाडी आणि परिसरातील बिया, पाने, खडे, शिंपले यांपासून केलेली शैक्षणिक साधने हे त्या कामाचे प्राण होते. मुलाकडे आपण जायचे आणि त्याच्या हाताला ओळखीच्या असलेल्या वस्तू घेऊन जायचे, ही शिकवण बालविभागातील खाटेलाही तंतोतंत लागू पडते.

रत्नागिरीच्या मुलाच्या हाताला ओळखीच्या वस्तू विपुल आहेत: करवंट्या, झापांच्या विणलेल्या पट्ट्या, सुपाऱ्या, गजगे, चिंचोके, शंख-शिंपले, भातुकली. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यातच होती. तिथल्या चितार आळीतील लाकडी खेळणी पूर्वी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची होत असत. कुडाळजवळच्या पिंगुळीची कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्रीने गौरवण्यात आले. जे मूल स्वतःच्या तोंडाने बोलत नाही, ते हातात घातलेल्या बाहुलीच्या तोंडून बोलते, हा अनुभव खेळोपचारात सर्वत्र सांगितला जातो, आणि बाहुली नाचवणाऱ्यांची परंपरा ज्या भूमीत आहे तिथे ही साधनसामग्री परकी वाटण्याचे कारण नाही. सावधगिरी मात्र हवी: तीन वर्षांखालील मुलांना गजगे, चिंचोके यांसारख्या गिळता येणाऱ्या वस्तू देऊ नयेत, वाळू धुऊन-वाळवून घ्यावी, आणि एका मुलाने हाताळलेली वस्तू दुसऱ्याकडे देण्यापूर्वी स्वच्छ करावी.

साधी खेळणी पुरत नाहीत असे ज्यांना वाटते, त्यांनी जमैकातील एका प्रयोगाकडे पाहावे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, वाढ खुंटलेल्या १२९ बालकांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला जात आणि घरगुती टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे हे आईला दाखवत. सुमारे वीस वर्षांनी पाहिले तेव्हा, जी मुले अशी खेळली होती त्यांची कमाई न खेळलेल्यांपेक्षा चतुर्थांशाने अधिक होती. अतितीव्र कुपोषणाच्या उपचारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा पायऱ्यांतही एक पायरी प्रेमळ देखभालीची असून, तीत रोज १५ ते ३० मिनिटांच्या आखीव खेळाचा समावेश आहे. म्हणजे खेळ हा आहार आणि औषध यांच्या बरोबरीने उपचारपत्रिकेवर लिहिण्याचा विषय आहे.

काळा समुद्र आणि अर्थ लावण्याची घाई

या विद्येचा सर्वांत मोठा धोका अर्धवट जाणकाराकडून संभवतो. मुलाने काळा रंग वापरला म्हणजे ते खिन्न, घराला दार काढले नाही म्हणजे ते कोंडलेले, असे ठोकताळे सर्रास सांगितले जातात. रत्नागिरी शहरातील मुलाने समुद्र काळा रंगवला, तर त्यात चिंतेचे कारण नसेल. मांडवीच्या किनाऱ्यावरची वाळू काळ्या, जड खनिजांची आहे, गावात 'काळा समुद्र' आणि 'पांढरा समुद्र' अशी नावेच रूढ आहेत, आणि त्या मुलाने केवळ आपल्या डोळ्यांनी पाहिलेले काढलेले असेल. मुलाच्या खेळाचा अर्थ त्याच्या मुलखाच्या माहितीशिवाय लावता येत नाही, आणि एका खेळावरून तर कधीच लावू नये.

याउलट एक प्रकारचा खेळ गांभीर्याने पाहावा लागतो. १९७६ साली अमेरिकेतील चाउचिला येथे शाळेच्या बसमधून पळवून नेलेल्या मुलांचा अभ्यास करताना लेनोर टेर या मनोविकारतज्ज्ञ स्त्रीला असे आढळले, की भीषण प्रसंगातून गेलेली मुले तोच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळतात, मात्र त्या खेळात आनंद नसतो, बदल नसतो आणि सुटकाही नसते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले. अशा आपत्तींनंतर मूल वाळूत पुन्हा पुन्हा घरे बुडवत असेल, तर शेजारी बसलेल्या माणसाने सावधपणे त्या खेळात एखादी होडी, एखादा उंच कातळ, एखादा दोरखंड ठेवून पाहावा, आणि खेळ तसाच अडकून राहिला तर तज्ज्ञाकडे पाठवावे. अत्याचाराची शंका आली तर मात्र खेळणाऱ्याने स्वतः चौकशी करू नये, सुचवणारे प्रश्न विचारू नयेत. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक केले आहे, आणि मुलाला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावणे हा त्याच्यावरचा आणखी एक आघात असतो.

पुराव्यांच्या बाबतीतही प्रामाणिक राहिले पाहिजे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित विश्लेषणात ९३ अभ्यास एकत्र पाहिले गेले आणि खेळोपचाराचा लक्षणीय परिणाम दिसून आला. आईवडिलांना शिकवून त्यांच्याकरवी केलेल्या खेळाचा परिणाम तर तज्ज्ञांनी केलेल्या खेळाहून अधिक होता. यांतील अनेक अभ्यास लहान आकाराचे होते, त्यामुळे आकड्यांवर अवाजवी भार टाकू नये. तरीही जिथे तज्ज्ञ कमी आणि आजी-आई जवळ आहेत, अशा जिल्ह्याला या निष्कर्षाचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. परिचारिकेने जे शिकायचे त्याचा शेवट ते आजीला शिकवण्यात व्हावा, म्हणजे घरी गेल्यावर खेळ खंडित होणार नाही.

हक्क म्हणून खेळ

१८८६ साली स्थापन झालेले रत्नागिरीचे मनोरुग्णालय हे राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. मनोरुग्णांविषयीच्या १९१२ च्या कायद्यात 'वेडे' ठरलेला माणूस कोंडून ठेवण्याची भाषा होती, १९८७ च्या कायद्याने उपचारांची भाषा आणली, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हक्कांची. या शेवटच्या कायद्यानुसार, अल्पवयीन मुलाला दाखल करावेच लागले तर त्याला प्रौढांपासून वेगळे, त्याच्या वयाच्या आणि विकासाच्या गरजा लक्षात घेणाऱ्या वातावरणात ठेवणे आणि त्याच्यासोबत पूर्ण काळ त्याचे माणूस राहू देणे बंधनकारक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमाने विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क मानला असून, भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली आहे. मुलाच्या विकासाच्या गरजा लक्षात घेणारे वातावरण म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर खेळाला वगळून देता येणार नाही.

यासाठी मोठ्या इमारती किंवा महाग यंत्रे लागत नाहीत. बालविभागात एक धुता येईल असे तबक, धुतलेली वाळू, डबाभर ओळखीच्या वस्तू, दोन कापडी बाहुल्या आणि कामाच्या वेळापत्रकात लिहिलेली, कोणी हिरावून घेणार नाही अशी वीस मिनिटे, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. त्या वीस मिनिटांत मूल एक शब्दही बोलले नाही, तरी ती वाया गेली असे समजू नये. दिवाळीतला किल्ला रचणारे मूल दरवाजा सर्वांत शेवटी बसवते, आणि तो कोणासाठी उघडायचा हेही तेच ठरवते. मोठ्या माणसाने तोपर्यंत किल्ल्याच्या पायथ्याशी, वाळूत हात घालून, शेजारी बसून राहायचे असते.